दुसऱ्या नंबरची गाडी

"पहिली गाडी माझी," रणधीर शिंत्रे म्हणाला आणि माझ्यासमोरच्या कागदावर त्यानं बोट ठेवलं. कागद कोरा होता.

"तुमचीच. दुसऱ्या कुणाची असणार?" मी म्हणाले.

तो खूश झाला. रणधीरला खूश करायला फार काही लागत नसे. माझ्या माहेरी कापडाचं दुकान. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच बाबा ओळखायचे, की हा पोत बघणार, भाव बघणार का आरशात बघणार. रणधीर आरशातला. असल्या गिऱ्हाइकाला मालाचे गुण सांगत बसायचं नसतं. कापड त्याच्या खांद्यावर टाकायचं आणि गप्प उभं राहायचं.

आम्ही चौगुले अप्पांच्या गोडाऊनमध्ये गुळाच्या रिकाम्या डब्यांवर बसलो होतो. दर श्रावणात आमच्या कोल्हापूरच्या क्लबातले लोक आपापल्या जीपा घेऊन कुठल्यातरी माळावर जायचे, आणि चांगला रस्ता शेजारी असताना मुद्दाम चिखलात शिरायचे. रुतायचं, एकमेकांना ओढून काढायचं, पिठलं-भाकरी खायची आणि घरी येऊन कपडे बायकोपुढं टाकायचे, अशी सगळी मौज. अप्पांनी हा क्लब काढला तेव्हा त्यांच्याकडं एकच खटारा जीप होती. आता त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि क्लबावर रणधीरचा शब्द चालत होता.

ट्रेलची, म्हणजे चिखलातल्या वाटेची, आखणी आधी सुकुमार करायचा. सुकुमार मगदूम, माझा नवरा. गेल्या श्रावणानंतर त्यानं आखणी सोडली, गाडी चालवणं सोडलं, आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये मशीनला हात लावणंही सोडलं. म्हणून यंदा मी आपणहून अप्पांना म्हणाले होते, "मी करते."

"वाट मी बघून आलेय," मी म्हणाले. "गारगोटीच्या पुढं हेळेवाडी, तिथून सावरमाळ. गावकऱ्यांना विचारलंय. आता राहिला विंचचा विषय."

डॉक्टर निरंजन खोत आपल्या कॅमेऱ्याची काच पुसायला लागले. ते दाताचे डॉक्टर. क्लबात फोटो काढायचं काम त्यांच्याकडं असायचं.

विंच म्हणजे जीपच्या नाकावर बसवलेली मोटर. तिच्या ड्रमवर पोलादी वायर गुंडाळलेली असते. गाडी रुतली की ती वायर ओढून समोरच्या झाडाला अडकवायची आणि लांबून बटण दाबायचं. ड्रम फिरतो, वायर आत येते, गाडी स्वतःला ओढत बाहेर निघते. बटणाची केबल विंचला प्लगनं जोडलेली असते. हे सगळं मी गेल्या वर्षी शिकले. त्याआधी मी फक्त पिठलं करत होते.

"मी म्हणते, एक ठरवूनच टाकू," मी म्हणाले. "ज्याची गाडी, त्यानंच आपल्या वायरला हात लावायचा. दुसऱ्याला पुढं करायचं नाही. आणि बटण मागच्या गाडीतल्या माणसाच्या हातात. चालेल?"

"शंभर टक्के," रणधीर म्हणाला. "मी तर गेल्याच वर्षी म्हणालो होतो वहिनी. ज्याचा हात, त्यानं सांभाळायचा."

"तुम्ही म्हणाला होता ना. म्हणूनच मांडलं मी ते."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"सुकुमार येणार आहे?" रणधीरनं विचारलं.

"येईल. शेजारी बसेल. आमची जिप्सी मी चालवणार."

"तुम्ही?" तो मोठ्यानं हसला. "मग असं करा, मगदुमांची गाडी माझ्या मागंच लावा. अडकलात की मी आहेच काढायला."

मला वाटलं होतं, ही जागा मिळवायला मला बरंच बोलावं लागेल. मी पेन उघडलं आणि दुसऱ्या नंबरला लगेच आमचं नाव लिहिलं.

गेल्या श्रावणात रणधीरची जीप एका ओढ्यात रुतली होती. विंच चालू केली तर वायर ड्रमच्या एका कडेला गोळा झाली. ती हातानं सरळ करावी लागते. रणधीरनं सवयीप्रमाणं हाक मारली, "सुकुमार, जरा बघ रे." सुकुमार वाकला. त्याचे हात वायरवर असताना रणधीरच्या अंगठ्याखालचं बटण दाबलं गेलं. मी शेवटच्या गाडीत होते. पोचले तेव्हा सगळे जण एकदम बोलत होते आणि सुकुमार काहीच बोलत नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचला हे नशीब. वाचलेल्या गोष्टी मोजायची ही पद्धत मला तेव्हापासून आवडत नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात रणधीर माझ्याजवळ आला होता. डोळे लाल वगैरे होते. "वहिनी, त्यानं इशारा केला, म्हणून मी दाबलं. हात बाजूला घ्यायला पाहिजे होता."

"हात आत असताना प्लग लावलेला का होता?" मी विचारलं. आमच्या शेडमध्ये मशीनमध्ये हात घालायचा तर आधी मेन स्विच बंद करायचा, हे झाडू मारणाऱ्या बाईलासुद्धा माहीत होतं. सुकुमारनंच शिकवलं होतं.

"असा काही नियम नसतो वहिनी विंचचा. आम्ही सगळे असंच करतो. ज्याचा हात, त्यानं सांभाळायचा."

ते वाक्य मी तसंच्या तसं ठेवून दिलं. कुणी दिलेला आहेर आणि कुणी केलेला अपमान, दोन्ही मी विसरत नाही. परतफेड वेळेवर व्हावी एवढीच माझी इच्छा असते.

रणधीरचं म्हणणं क्लबात पसरलं, क्लबातून औद्योगिक वसाहतीत पसरलं. मगदुमांनी घाई केली. मगदुमांनी चुकीचा इशारा केला. लोक वाईट वाटून घेऊन सांगायचे, ते जास्त लागायचं. तरी मी तेवढं सोसलं असतं. पण सुकुमारलाच ते पटलं होतं. त्याला त्या क्षणातलं काहीही आठवत नव्हतं. "केला असेन मी इशारा," तो म्हणायचा. "माणूस आहे. होतं." आणि मग आमच्या शेडमध्ये कुणी चष्म्याशिवाय ग्राइंडरवर बसलेलं दिसलं तर तो बघून न बघितल्यासारखं करायचा. ज्या माणसाच्या एका नजरेला सगळी शेड सरळ व्हायची, तो आता कुणाला हात सांभाळ म्हणायला लाजत होता. दोन बोटांचं मी काय करू शकत होते? पण हे परत आणायचंच, असं मी मनाशी धरलं.

एक गोष्ट मला खटकत होती. मी डॉक्टर खोतांकडं त्या दिवसाचे फोटो मागितले होते. ते म्हणाले, पुसले गेले. हे बोलताना ते आपल्या बुटाकडं बघत होते. ज्याला खोटं बोलायची सवय नाही तो बुटाकडं बघतो. ज्याला सवय आहे तो रणधीरसारखा डोळ्यांत बघतो.

सुकुमारला तयार करणं सगळ्यात अवघड गेलं.

"मला नको," तो म्हणाला. "तू जा."

"मी एकटी गाडी चालवू चिखलात?"

"का चालवतेस पण?"

"हौस."

"तुला? चपलेला माती लागली तर तीनदा धुतेस तू."

"म्हणून म्हणते, शेजारी बस. काही करायचं नाही तुला."

उजवा हात त्यानं उशीखाली सरकवला. हल्ली तो तसंच करायचा. "लोक हाताकडं बघतात, पद्मजा."

"कुणी बघणार नाही. मी जिप्सी कशी बंद पाडतेय तिकडं सगळ्यांचं लक्ष असेल."

तो हसला. मग मी आणखी काही बोलले नाही. गिऱ्हाईक हसलं की दुकानदारानं बोलणं थांबवायचं असतं.

आठवडाभर आधी अप्पा आणि मी सावरमाळावर पुन्हा जाऊन आलो. माळ संपतो तिथं एक ओढा आहे आणि त्याच्याआधी वाट दुभंगते. डावीकडून गवत आणि दगड, पायाखाली पक्कं. उजवीकडं तांबड्या चिखलाचं एक तळंच साचलेलं. मध्ये मोठा कातळ. अप्पांनी काठी खुपसली, ती मांडीइतकी आत गेली.

"हिकडनं कुणी घालायची नाही गाडी," अप्पा म्हणाले.

"नाहीच. पाटी लावू या. शिवाय निघताना सगळ्यांना सांगू, उजवीकडून कुणालाच जमणार नाही."

अप्पा काठी गवताला पुसत राहिले. "जमणार नाही, असं सांगायचं?"

"खरं तेच सांगायचं ना?"

"खरं आहे," अप्पा म्हणाले. "आणि डॉक्टर कुठं उभा करणार?"

"या कातळावर. दोन्ही वाटा दिसतात."

अप्पांनी काठी जीपमध्ये टाकली. घाट उतरल्यावर म्हणाले, "पद्मा, कुणाला इजा होता कामा नये."

"अप्पा, मी सुकुमार मगदूमची बायको आहे. मशीनशी खेळत नाही."

ट्रेलच्या दिवशी, रविवारी, पाऊस रात्रभर पडून सकाळी थांबला होता. हेळेवाडीच्या शाळेमागं गाड्या लागल्या. चिखलात शिरायच्या आधी टायरची थोडी हवा सोडतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. सगळे खाली वाकून फुसफुस हवा सोडत होते. रणधीर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"तुम्ही नाही सोडत?" मी विचारलं.

"गाडी बसकी दिसते वहिनी. चालवणाऱ्याच्या हातात असतं सगळं."

त्याच्या बंपरमागं विंचची वायर दिसत होती. मागच्या खेपेला कशीबशी गुंडाळून ठेवलेली, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खड्डा. वायर दर खेपेनंतर ओढून नीट लपेटायची असते. पण ते करताना कुणी फोटो काढत नाही.

मी सगळ्यांना गोळा करून वाट सांगितली. "पुढं कातळापाशी डावीकडून. उजवीकडं पाटी लावलेली आहे. अप्पांनी खोली बघितलीय. आपल्या कुठल्याच गाडीला ते जमणार नाही."

"कुठल्याच?" रणधीरनं विचारलं.

"अप्पा म्हणतात."

"अप्पांच्या काळातल्या गाडीला नसेल जमत."

लोक हसले. अप्पाही हसले. सुकुमार जिप्सीत बसून होता, हात रेनकोटच्या खिशात. त्यानं काच खाली करून मला खुणेनं बोलावलं. "तू त्याला चढवतेयस," तो हळूच म्हणाला.

"मी सगळ्यांना नको म्हणून सांगितलं."

"तेच म्हणतोय."

माळावरून मी बरी चालवली. दोनदा बंद पडली, पण ती सुकुमारच्या "क्लच, क्लच" मुळे. कातळापाशी पोचलो तेव्हा डॉक्टर खोत वर चढून उभे होते आणि रणधीरची जीप दुभंगाच्या तोंडाशी थांबली होती. त्यानं मान बाहेर काढून डॉक्टरांकडं बघितलं, अंगठा दाखवला आणि गाडी उजवीकडं घातली.

चिखल दोन्ही बाजूंनी पंखासारखा उडाला. दिसायला झकास दिसलं, खोटं कशाला बोला. गाडी अर्ध्याच्या पुढं गेली, तिचं नाक पलीकडच्या उतारावर चढलं आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. जितकी फिरवली तितकी खाली गेली. थोड्या वेळानं मागचा अर्धा भाग पोटापर्यंत चिखलात आणि पुढचा अर्धा काठावर, अशी ती जीप पाण्यातल्या म्हशीसारखी शांत बसली.

"विंच लावायला लागणार," अप्पा डावीकडच्या काठावरून म्हणाले. "मागची गाडी कुणाची?"

"आमची," मी म्हणाले आणि उतरले. गवतावरून चालत वळसा घालून मी जीपच्या नाकापाशी गेले. सुकुमारही उतरला, पण लांबच उभा राहिला.

रणधीर गुडघाभर चिखलातून पुढं आला. त्यानं बटणाची केबल काढली, प्लग विंचला लावला आणि बटण माझ्या हातात दिलं. "हे आत, हे बाहेर. मी सांगेन तेव्हाच." मग वायर ओढत नेऊन त्यानं ओढ्याकाठच्या जांभळाला अडकवली. परत येऊन म्हणाला, "घ्या."

मी दाबलं. मोटर कण्हली, वायर ताणली गेली, आणि ड्रमवर ती भसाभस एका कडेला गोळा व्हायला लागली. मी अंगठा काढला.

"गुंता झाला," रणधीर म्हणाला. "थोडी ढिली सोडा." मी सोडली. मग त्यानं सवयीनं मान वर करून इकडंतिकडं बघितलं. मला ती नजर माहीत होती. ती हात शोधणारी नजर.

"ज्याची गाडी, त्याची वायर," अप्पा म्हणाले. "ठरलंय आपलं."

"माहितेय अप्पा," रणधीर म्हणाला. वर कातळावर बघून त्यानं आवाज दिला, "डॉक्टर, हे असलं नको काढू हां. बाहेर निघताना काढ." तेवढ्यात बटणाची केबल माझ्या पायात येत होती, ती मी वाकून सोडवली आणि परत सरळ उभी राहिले.

रणधीर हातमोजे घालून वाकला. वायर जिथून आत शिरते त्या रोलरच्या आत त्याची बोटं गेली, वायर आणि ड्रमच्या मधे. मी बटण छातीशी धरलं, अंगठा त्यावर ठेवला आणि कातळाकडं तोंड केलं.

"डॉक्टर, माझा एक काढा की. विंच हातात घेतलेला. सासूबाईंना दाखवायला."

"वहिनी," रणधीर म्हणाला.

"कसा येईल? ऊन पाठीमागं आहे का?"

"वहिनी, इकडं बघा."

"बघतेय की," मी डॉक्टरांकडं बघत म्हणाले.

"अंगठा काढा बटणावरनं."

"आहे तिथं आहे तो. तुम्ही करा तुमचं."

खाली वायरचा आवाज थांबला. मी वळून बघितलं तर रणधीरनं दोन्ही हात बाहेर काढून पोटाशी धरले होते. कपाळावर चिखल होता आणि त्यातून घामाची रेघ उतरत होती.

"प्लग काढा आधी," तो म्हणाला.

"का?"

"काढा म्हणतो ना. हात आत असताना प्लग काढून ठेवायचा असतो."

"असं कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? नियम आहे तो. कुठंही विचारा. पहिला नियम आहे." त्याचा आवाज चढला होता. डाव्या काठावर उभे असलेले सगळे जण ऐकत होते. "बटण दुसऱ्याच्या हातात असताना आत हात घालणारा माणूस मूर्ख असतो."

मग त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. ते कसं दिसलं, हे मला अजून नीट आठवतं. तोंड उघडंच राहिलं, पण आतले शब्द कुणीतरी काढून नेल्यासारखं रिकामं.

"तुम्ही म्हणाला होता, असा नियम नसतो," मी म्हणाले. "दवाखान्यात. मी प्लगचं विचारलं होतं, आठवतंय?"

"वहिनी, ही वेळ आहे का?"

"मला तर बरी वाटतेय."

"अप्पा, तुम्ही काढा तो प्लग," रणधीर म्हणाला. "यांच्या डोक्यात काहीतरी आहे."

अप्पा गवतावरून सावकाश वळसा घालून आले. बंपरपाशी वाकले. हातानं चिखलातून केबलचं टोक उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"रणधीर, प्लग काढलेलाच आहे."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. माझ्या हातातलं बटण मघापासून कशालाच जोडलेलं नव्हतं. रणधीरचा हात आत जायच्या आधीच मी तो प्लग काढून चिखलात सोडला होता.

एवढीच माझी आखणी होती. त्यानं सगळ्यांदेखत घाबरावं, आणि ज्या नियमाचं अस्तित्वच त्यानं नाकारलं होतं तो स्वतःच्या बोटांसाठी स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवावा. यापुढं काय, याचा मी विचार केला नव्हता. त्याला तिथंच म्हशीसारखं बसवून आपण भाकरी खायला जावं, असं काहीसं मनात होतं.

पण सुकुमार गवतावरून खाली उतरत होता. तो सरळ अप्पांपाशी आला, त्यांच्या हातातून प्लग घेतला, शर्टाला पुसला आणि रणधीरसमोर उभा राहिला.

"त्या दिवशी मी इशारा केला होता?"

"सुकुमार, अरे, वर्ष झालं. त्या गडबडीत कुणाला काय..."

"मला आठवत नाही, म्हणून विचारतोय. तुम्ही सांगितलंत म्हणून मी धरून चाललो. केला होता का?"

"मला तसं दिसलं."

"कसं दिसेल?" आवाज वरून आला. डॉक्टर खोत कातळावरच बसले होते. "सुकुमारचे दोन्ही हात वायरवर होते, दादा. तो इशारा कुठल्या हातानं करणार? मी फोटोसाठी तुम्हाला म्हणालो, इकडं बघा. तुम्ही माझ्याकडं बघून हसला. तेवढ्यात झालं ते."

"निरंजन, तू गप्प बस."

"वर्षभर गप्पच बसलो होतो."

सुकुमारनं वर बघितलं नाही. "डॉक्टरांचं मी ऐकलं," तो म्हणाला. "आता तुम्ही सांगा."

रणधीरनं अप्पांकडं बघितलं, काठावरच्या लोकांकडं बघितलं. एरवी या माणसाच्या हाकेला तिघे-चौघे धावायचे. कुणीही पाय हलवला नाही.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"तू इशारा केला नव्हतास."

सुकुमारनं मान हलवली. एखाद्या मापाची खात्री पटावी तशी. प्लग शर्टाच्या खिशात टाकला, रेनकोटच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि रणधीरला म्हणाला, "सरका."

"मी करतो की," रणधीर म्हणाला.

"तुम्हाला येत नाही ते. सरका."

तो वाकला. उरलेली बोटं आणि अंगठा यांनी त्यानं वायरचा एकेक वेढा उचलून सरळ बसवला. वेळ लागला. पूर्वी लागायचा त्यापेक्षा जास्त. मधे एकदा वायर सुटली, त्यानं परत धरली. सगळे त्या हाताकडं बघत होते आणि तो बघू देत होता. मग उभा राहिला, खिशातला प्लग लावला, लांब सरला आणि बटणासाठी माझ्यापुढं हात केला.

"राहू दे की त्याला तिथंच," मी हळूच म्हणाले.

"दे," तो म्हणाला.

मी दिलं. जीप मोठा आवाज करत चिखलातून सुटली आणि काठावर आली. माझं पोट काही भरलं नव्हतं. एवढं सगळं जुळवून आणलं ते काय या माणसाची गाडी बाहेर काढायला? परतीच्या वाटेवर मी सुकुमारला तसं म्हणालेसुद्धा. तो म्हणाला, "तू गिअर बघ."

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अप्पा गेले. रणधीरनं पुढच्याच श्रावणात कसलंसं कारण काढून क्लब सोडला. पण कोल्हापूर ते केवढं. कुणाच्या लग्नात, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाला तो समोर येतोच. मला बघितलं की लांबूनच नमस्कार करून दुसरीकडं वळायला बघतो. मग सुकुमार त्याला हाक मारतो. अगदी प्रेमानं, "अहो शिंत्रे," म्हणून. आणि उजवा हात पुढं करतो.

रणधीरला तो हात हातात घ्यावा लागतो. सुकुमार त्याची चौकशी करतो. मुलगा काय करतो, गुडघा कसा आहे, ऊस गेला का. एकेक प्रश्न सावकाश, उत्तर पूर्ण ऐकून घेऊन. एवढा सगळा वेळ तो हात सोडत नाही. रणधीर उत्तरं देतो आणि खाली बघत नाही. मी शेजारी उभी असते, हातात आइस्क्रीमची वाटी घेऊन, आणि मनात म्हणत असते की सूड उगवायचं काम आमच्या घरात माझ्याकडं आहे, असं इतकी वर्षं मला उगाच वाटत होतं.